पिग्मीची पावती आणि मोबाइलमधली चिल्लर

सुट्ट्या पैशांनाही एकेकाळी रूप होतं. पाच पैशांचं चौकोनी नाणं, दहा पैशांचं नागमोडी कडांचं, वीस पैशांचं षटकोनी. ॲल्युमिनिअमची ही नाणी इतकी हलकी, की मूठभर खिशात असली तरी जाणवायची नाहीत. वाण्याकडून परत आलेली चिल्लर आईच्या हाती पडली की फडताळातल्या डब्यात जायची, आमच्या हाती पडली की मातीच्या गल्ल्यात. शाळेत ‘संचयिका’ होती. गुरुजी मुलांकडून चार आणे, आठ आणे गोळा करायचे आणि पुस्तकात नोंद करून द्यायचे. स्वतःच्या नावावरचं आमचं ते पहिलं खातं.

मोठ्यांसाठी पिग्मी होती. सांगलीकडच्या बाजारपेठेच्या गावांत दिवेलागणीला पिग्मीवाल्यांची सायकल फिरायची. हँडलला रेक्झिनची पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक, दोन पानांमध्ये निळा कार्बन. आमच्या किराणा दुकानाशी ते एक पाय जमिनीला टेकवून थांबायचे आणि विचारायचे, “अण्णा, आज किती लिहू?” वडील ड्रॉवर उघडायचे, नोटा चाळायचे. “दहाच लिहा. पावसानं गिऱ्हाईकच नाही आज.” पावती फाटायची, तारेला टोचली जायची. बाजाराच्या दिवशी हाच आकडा पन्नासवर जायचा. लागोपाठ दोन दिवस कुणी काही दिलं नाही, तर पिग्मीवाले आस्थेनं विचारायचे, “घरी सगळं बरं आहे ना?” पेठेत कुणाचा धंदा कसा चाललाय, हे त्यांना सगळ्यांत आधी कळायचं.

ही पद्धत आली शेजारच्या कर्नाटकातून. उडुपीला 1925 साली सुरू झालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेनं 1928 मध्ये पिग्मी ठेव काढली. बँकेचा माणूस दारोदार जाऊन अगदी दोन आणेसुद्धा घ्यायचा. ज्याला बँकेची पायरी चढायचा संकोच वाटे, त्याच्या दारात बँक गेली. पुढे आपल्याकडच्या पतसंस्थांनी आणि सहकारी बँकांनी पिग्मी गावोगाव नेली. भाजीवाली, पानपट्टीवाला, शिंपी, न्हावी, हातावर पोट असलेल्या किती जणांनी मुलांच्या फिया, दिवाळीचा माल, लेकीचं लग्न असल्या पैशांतून उभं केलं. अडीनडीला पिग्मीवर कर्ज मिळे, सावकाराच्या दारात जावं लागत नसे.

त्या काळाची आठवण गोड असली, तरी त्याच वाटेनं बुडालेले पैसे विसरून चालणार नाही. राज्यात अनेक पतसंस्थांना टाळी लागली आणि रोज दहा-वीस रुपये देणारे ठेवीदार पुस्तक हातात घेऊन चकरा मारत राहिले. सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पावती खरी होती, माणूस ओळखीचा होता, पण आपला पैसा पुढे कुठे जातो हे कुणी विचारत नव्हतं.

मग हळूहळू चिल्लरच हरवली. सुटे नाहीत म्हणून दुकानदार हातावर श्रीखंडाची गोळी ठेवू लागले. 30 जून 2011 नंतर चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि सत्तेचाळीस रुपयांचं बिल बरोबर सत्तेचाळीस रुपयांतच भागू लागलं. परत काही येईना, त्यामुळे डब्यात टाकायलाही काही उरेना.

आता तेच सुटे पैसे मोबाइलमध्ये नव्यानं उरवले जातात. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीच्या फोनवर असं ॲप आहे. कुठेही खर्च झाला की ते रक्कम पुढच्या दहाच्या पाढ्याला नेऊन ठेवतं आणि वरचा फरक गुंतवतं. बारा रुपयांच्या चहावर आठ, सेहेचाळीसच्या रिक्षावर चार, त्रेसष्टच्या भाजीवर सात. झाले एकोणीस. रोज असेच एकोणीस साठले, तर वर्षाला 6,935 रुपये होतात. 2020 मध्ये यूपीआयवर ऑटोपेची सोय झाली, तेव्हापासून एकदा मंजुरी दिली की पैसे ठरल्याप्रमाणे आपोआप वळते होतात.

मला हे मनापासून आवडलं. गाव सोडून शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलीच्या दारात कुठला पिग्मीवाला येणार होता? पगार हाती येताच संपणाऱ्या वयात नकळत का होईना, काही बाजूला पडतंय. आमच्या आयांना डाळीच्या डब्यात पैसे लपवावे लागत होते, हिचे पैसे हिच्या नावावर आहेत.

पण ते पैसे कशात जातात, हे विचारल्यावर ती थबकली. पाहिलं, तर डिजिटल सोन्यात. ते घेताना तीन टक्के जीएसटी लागतो. म्हणजे शंभर रुपये दिले की सोनं सत्त्याण्णवच्या आसपासचं येतं. खरेदी-विक्रीच्या भावातला फरक त्यावर वेगळा. शिवाय असं डिजिटल सोनं आपल्या नियमनाखाली येत नाही, असा इशारा ‘सेबी’नं नोव्हेंबर 2025 मध्ये दिला आहे. त्याच वर्षी म्युच्युअल फंडात 250 रुपयांची छोटी एसआयपीही सुरू झाली. तिच्यात बाजाराची जोखीम आहे, पण नियामकाची नजरही आहे. भाचीच्या सुट्ट्या पैशांना अशी दुसरी वाट होती, फक्त तिनं ती कधी शोधली नव्हती.

वडिलांच्या पिग्मीत आणि भाचीच्या ॲपमध्ये मला खरा फरक दिसतो तो इथे. वडील रोज ठरवत होते. आज दहा की पन्नास, हे ठरवताना दिवसभराचा धंदा त्यांच्या डोळ्यांसमोरून जायचा. बचत करताना त्यांचा हिशेबही व्हायचा. ॲप आपली बचत करतं, हिशेब मात्र आपल्यासाठी करत नाही. आणि पैसा पुढे कुठे जातो हा प्रश्न तर तेव्हाही राहून गेला, आजही राहतोय.

म्हणून तरुण मुलांना माझं सांगणं आहे, की ही सोय जरूर घ्या. त्याबरोबर महिन्यातून एकदा ॲप उघडून बसा. किती गेले, कशात गेले, काढायचे झाले तर हातात किती येतील आणि कंपनी बुडाली तर दाद कुणाकडे मागायची, हे चार प्रश्न स्वतःला विचारा. कशासाठी साठवतोय तेही ठरवून ठेवा. तेव्हा सायकलवरून येऊन रोज विचारणारा माणूस होता. आता विचारायचं काम आपलंच आहे, आणि चार रुपयांच्या बाबतीत ते करायची सवय लागली, तर पुढे चार लाखांच्या बाबतीतही ती उपयोगी पडेल.