टाकीतलं विरजण

बाबा वायरमन म्हणून निवृत्त झाले, त्याच वर्षी माझ्या मुलाच्या वाढदिवसाला आमच्या बार्शीच्या घरात माशांची टाकी आली. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच. काठोकाठ भरली तर 57 लिटर. खाली खडी घातली आणि वर चार बोटं जागा सोडली की 45 च्या आसपास. त्यात आठ गोल्डफिश आणि काचेला आतून चिकटवायचा मोटरचा छोटा फिल्टर. दुकानदाराने सांगितलं होतं, फिल्टर आहे, आता काळजी नको.

नवव्या दिवशी सकाळी तीन मासे वर तरंगत होते. उरलेले पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करत होते. पाणी मात्र नितळ, पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यावं इतकं.

मुलगा रडत होता आणि बाबा टाकीसमोर स्टूल टाकून गप्प बसले होते. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. नितळ पाणी आणि निर्धोक पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दरवर्षी वर्गात सांगते. घरातल्या टाकीला तेच लागू पडतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, याची टोचणी अजून आहे. संध्याकाळी पाणी तपासायचे थेंब मागवले. परीक्षानळीतलं टाकीचं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते पाच मिनिटांत हिरवंगार झालं. लिटरला 2 मिलिग्रॅम अमोनिया.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजून त्यात भर पडते. टाकीतलं पाणी बोअरचं, जड, सामू 8. सामू 7 असताना अमोनियाचा जेवढा भाग विषारी रूपात असतो, त्याच्या जवळपास दसपट भाग 8 ला असतो. मोटरच्या फिल्टरमधला चार बोटांचा स्पंज विष्ठेचे कण अडवत होता, म्हणून पाणी नितळ दिसत होतं. विरघळलेला अमोनिया त्यातून आरपार जात होता.

तो अमोनिया संपवतात जीवाणू. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य, पाणी बदलून काढता येतं. या शोधाच्या इतिहासात एक बापलेकाची जोडी आहे, ती मला फार आवडते. 1850 च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाण्याचा समतोल साधता येतो हे दाखवलं. त्याच्या मुलाचं नावही रॉबर्टच. त्याने पुढे रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीवर काम करताना दाखवून दिलं, की अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा प्रवास दोन टप्प्यांत आणि दोन वेगळ्या जीवाणूंकडून होतो. वडिलांच्या टाकीत गुपचूप काय चाललं असणार, त्याचं उत्तर मुलाला शेतातल्या मातीत सापडलं.

हे जीवाणू पाण्यात मोकळे फिरत नाहीत. काच, खडी, स्पंज अशा पृष्ठभागाला धरून वाढतात. त्यांची वाढ संथ असते. नवी टाकी मार्गी लागायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे फिल्टर निवडायचा तो गाळणी म्हणून नव्हे, या जीवाणूंचं घर म्हणून. मी हे सांगितलं तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला, "मग त्यांना जगायला काय लागतं?" अमोनिया आणि प्राणवायू, मी म्हणाले.

त्यानंतर बाबांनी वही केली. खडीखालचा जाळीचा फिल्टर स्वस्त, पण गाळ खडीत साचतो आणि कधीतरी सगळी टाकी उपसावी लागते. मागच्या काचेला लटकणारा फिल्टर साफ करायला सोपा, पण वीज गेल्यावर काहींची मोटर कोरडी पडते आणि परत चालू होताना पाणी ओढत नाही. टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा कॅनिस्टर सगळ्यांत ताकदवान. त्यात सिरॅमिकच्या नळकांड्या, स्पंज, कापूस असे थर रचता येतात. खोक्यावर लिहिलेला ताशी लिटरचा आकडा रिकाम्या डब्याचा असतो, आत थर भरले की तो बराच उतरतो, हेही त्यांनी बादली आणि घड्याळ घेऊन स्वतः मोजलं.

पुण्याच्या मावसभावाने त्याच्याकडचा वापरात नसलेला कॅनिस्टर दिला. आधी रोज थोडं थोडं पाणी बदलत आम्ही उरलेले पाच मासे जगवले, आणि सात आठवड्यांनी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. तोवर मे महिना लागला होता.

एका रात्री वळवाचा पाऊस आला, तारेवर झाड पडलं आणि वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. बाबांनी कॅनिस्टरचं बटण दाबलं. नळीतून आधी काळसर पाण्याचा लोट आला आणि खोलीत सडक्या अंड्यांचा वास पसरला. बाबांनी तिसऱ्या सेकंदाला प्लग उपटला. बंद डब्यातल्या जीवाणूंनी होता तेवढा प्राणवायू काही तासांत संपवला होता, मग ते मेले आणि कुजले. उन्हाळ्यात हे लवकर होतं, कारण गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी मावतो. 20 अंशांना लिटरमागे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. अर्धं पाणी बदललं, तरी एक मासा गेलाच.

तारांवर आयुष्य घालवलेल्या माणसाने त्या दुपारी निर्णय घेतला. वीज जाणार, हे धरूनच फिल्टर निवडायचा.

त्यांनी दोन स्पंज फिल्टर आणले, सर्वांत साधे. पोकळ नळीभोवती जाड स्पंज, नळीत हवेच्या पंपाची बारीक नळी. बुडबुडे वर चढताना पाणी सोबत ओढतात, त्या जागी स्पंजमधून नवं पाणी शिरतं. टाकीत मोटर नाही, काही जळायचं नाही. पंप 3 वॅटचा. जोडीला मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालणारा आणखी एक पंप, रात्रभर चालतो. आणि तोही थांबला, तरी स्पंज टाकीच्या उघड्या पाण्यातच असतो, बंद डब्यात कोंडलेला नसतो. वीज गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात उतरू नये म्हणून बाबांनी पंप टाकीच्या पातळीच्या वर, खिळ्याला टांगला.

स्पंज फिल्टरचे तोटे आहेत. टाकीतली जागा जाते, बुडबुड्यांचा आवाज येतो आणि पाणी कॅनिस्टरइतकं लखलखीत होत नाही. मोठ्या टाकीत, भरपूर वनस्पती असतील आणि विजेचा भरवसा असेल, तर मी आजही कॅनिस्टर घ्या म्हणेन. आमच्या गावात, आमच्या टाकीला स्पंजच.

नव्या स्पंजवर पुन्हा सहा आठवडे थांबायची आमची तयारी नव्हती. सोलापुरात बाबांचे एक जुने सहकारी मासे पाळतात. बाबा एसटीने गेले आणि त्यांच्या टाकीतला वर्षभराचा मळका स्पंज पाण्यासकट कडीच्या डब्यात घालून घेऊन आले. आई म्हणाली, "अगंबाई, हे तर विरजण!" तेच ते. तो स्पंज आमच्या टाकीत नव्या दोघांच्या शेजारी महिनाभर ठेवला. नायट्राइटच्या नळीचा निळा रंग एकदाही जांभळा झाला नाही.

आता दर रविवारी बाबा टाकीतलं पाव पाणी उपसतात आणि त्याच बादलीत एक स्पंज पिळतात. एका रविवारी डावा, पुढच्या रविवारी उजवा. नळाखाली कधीच नाही, क्लोरीनने जीवाणू मरतात. स्पंज दाबला की बोटांमधून कॉफीच्या रंगाचा गाळ सुटतो. त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. बाबा दोन-तीनदाच दाबतात, पार पांढरा करत नाहीत. ते पाणी अंगणातल्या जास्वंदीला जातं.

गेल्या महिन्यात समोरच्या घरी टाकी आली. मुलगा धावत सांगायला आला, आजोबा, त्यांनी आजच मासे सोडले. बाबा उठले, उजवा स्पंज अलगद बाहेर काढला, कडीच्या डब्यात टाकीचं पाणी घेतलं आणि त्यात बुडवला.

"झाकण घट्ट लावू नकोस," त्यांनी त्याच्या हातात डबा देत सांगितलं, "आणि वाटेत खेळत थांबू नकोस."