पाच आकडे

दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी माझ्या वाट्याला एक काम ठरलेले असते : माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढणे, पुसणे आणि पुन्हा होता तिथे ठेवणे. डब्यात काड्यापेटीहून थोड्या मोठ्या अशा तीसएक कॅसेटी आहेत आणि एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. "यांचं काय करायचं ठरवलंय?" असे घरातून दरवर्षी विचारले जाते. "बघू," असे मी दरवर्षी म्हणतो. संसारातले पुष्कळसे प्रश्न या एका शब्दावर वर्षानुवर्षे तरून जातात.

हा कॅमेरा माझ्या हाती आला तो केवळ एका गैरसमजामुळे. माझे शिक्षण म्हणाल तर दहावी आणि पुढे चित्रकलेची पदविका. २००४ साली आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने हा कॅमेरा भेट दिला, तेव्हा तो कोणी चालवायचा असा प्रश्न निघाला. हेडमास्तरांनी क्षणात निकाल दिला, "ज्यांना चित्र येतं, त्यांना चित्रण येणारच!" व्याकरणाच्या शिक्षकांनीही मान डोलावली, तेव्हा मला बोलायला जागाच उरली नाही. (पुढे शाळेने नवा कॅमेरा घेतला आणि हा जुना माझ्याकडे कायमचा राहायला आला.)

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी पहिला पराक्रम केला. पाहुणे बोलायला उठले. मी लाल बटण दाबले. पडद्यावर चित्रणाची खूण काही उमटेना. बटण नीट दाबले गेले नसावे म्हणून मी ते पुन्हा दाबले. यंत्र बिचारे पहिल्या आज्ञेनुसार नुकते कुठे निघाले होते. दुसऱ्या आज्ञेने ते थांबले. मी मात्र निर्धास्त! भाषण संपले, टाळ्या झाल्या, आणि आता बंद करू म्हणून मी बटण दाबले. ते अर्थातच सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टाफने एकत्र बसून पाहिले, तेव्हा पाहुण्यांचे भाषण त्यात अवाक्षरही नव्हते. होते ते व्यासपीठामागचे मैदान, माझ्या उजव्या पायातली चप्पल, आणि "चहात साखर कमी होती," हे हेडमास्तरांचे खासगी मत.

पुढे मी या यंत्राचा स्वभाव समजून घेतला. फीत असते जेमतेम पाव इंच रुंदीची. ती एका तिरप्या ठेवलेल्या ढोलाला गुंडाळली जाते, आणि तो इवलासा ढोल मिनिटाला नऊ हजार फेरे घेत असतो. त्याच्या अंगावरची चुंबकी टोके फितीवर केसाहूनही बारीक अशा तिरप्या रेघा ओढत जातात. चित्राच्या एका सेकंदाला अशा तीनशे रेघा! आता नवी रेघ जुन्या रेघेला बिनचूक चिकटून यायला हवी, नाहीतर सांध्यावर चित्र फाटते. म्हणून आपण बटण दाबले की यंत्र आधी फीत किंचित मागे घेते, जुने लिखाण वाचते, त्याच्या चालीशी चाल जुळवते, आणि मगच पुढे लिहू लागते. धावत्या गाडीत चढणारा माणूस आधी चार पावले गाडीबरोबर धावतो ना, तसेच हे. मी याला आळस समजत होतो. ती शिस्त होती.

शिवाय याला झोपही फार. कॅसेट घालून नुसते उभे ठेवले, तर ढोल फितीच्या एकाच जागी घासत राहतो आणि दोघेही झिजतात. म्हणून पाचएक मिनिटे वाट पाहून यंत्र आपणहून मिटते. मग त्याला उठवा, फीत पुन्हा ढोलाला वेढू द्या, ढोलाला वेग येऊ द्या. तोवर कित्येक सेकंद निघून जातात. ही खोड काही या धाकट्या यंत्राचीच नव्हे. १९५६ साली अमेरिकेत अँपेक्स कंपनीने पहिले उपयोगी पडणारे व्हिडिओ फितीचे यंत्र आणले, ते कपाटाएवढे होते; पण वेग पकडायला त्यालाही वेळ लागे. म्हणून स्टुडिओतली माणसे फीत काही सेकंद मागे नेऊन मग सोडत.

मला मात्र हे कुठल्या पुस्तकाने शिकवले नाही. शिकवले ते आमच्या गावात लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एका तरुणाने. माझ्या चपलेची कीर्ती त्याच्यापर्यंत पोचली होती! तो म्हणाला, "सर, बटण दाबायचं आणि गप उभं राहायचं. मनात पाच आकडे मोजायचे. मग हात करायचा. संपल्यावरपण पाच मोजायचे, मग बंद. आणि मध्ये कोरी फीत सोडायची नाही, नाहीतर आतलं घड्याळ परत शून्यापासून सुरू होतं."

"आणि अंतरपाट?" मी विचारले. "तो काही आपल्या हातासाठी थांबत नाही."

तो हसला. "अंतरपाट खाली आल्यावर बटण दाबलं, तर अक्षता पडलेल्याच दिसतात, सर. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की आपण चालू. फीत जाते थोडी फुकट. जाऊ द्यायची."

हे 'जाऊ द्यायची' मला फार उपयोगी पडले. वर्गातसुद्धा. मागच्या बाकावर एक मुलगा होता. त्याला काही विचारले, की तो नुसता बघत राही. मी पुढच्याकडे वळे. एकदा सहज गंमत म्हणून मी त्याच्यासमोर मनात आकडे मोजू लागलो. विचारले होते, संध्याकाळच्या आभाळाला कोणता रंग देशील? एक, दोन, तीन... चारला त्याचे ओठ हलले. "करडा, सर. आमच्याकडं वीटभट्टी आहे." बाकी सगळ्या वर्गाने केशरी रंग भरला होता. त्या मुलाला मी वर्षभर दोन-दोन आकड्यांवर सोडून देत आलो होतो!

एवढे शहाणपण आल्यावर तरी मी चुकायला नको होते. पण मी चुकलो. आणि तीच कॅसेट डब्यात सगळ्यांत वर असते.

२००६ सालची दिवाळी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजी अजून हट्टाने चकलीची मूठभर भाजणी तरी जात्यावर दळत असे. तिच्या ओव्या टिपून घ्याव्यात म्हणून मी पहाटेच कॅमेरा घेऊन बसलो. पण आजीची तयारी होईना. जाते झाडले, खुंटा ठोकला, पदर खोचला, मध्येच मांजराला हाकलले. मी वाट पाहत होतो, आणि माझ्या मांडीवर यंत्र निवांत झोपी गेले. तेवढ्यात जाते घरघरले आणि आजीने एकदम गळा मोकळा केला. मी बटण सरकवले, यंत्राला उठवले, लाल खुणेकडे डोळे लावले. खूण उमटली तेव्हा पहिली ओळ होऊन गेली होती.

"आजी, पुन्हा म्हण ना पहिली," मी नंतर विनवले. ती म्हणाली, "म्हणू कशी रं बाळा? जातं थांबलं, ओवी गेली."

२००९ साली आजी गेली. त्या कॅसेटीत तिच्या अकरा मिनिटांच्या ओव्या आहेत; पण सुरुवात होते ती दुसऱ्या ओळीपासून, आणि त्या ओळीत माझ्या वडिलांचे नाव आहे. जात्यावरच्या ओवीत पहिली ओळ काहीतरी मांडते आणि दुसरी त्याला माणूस जोडते. आपल्या आईने आपल्याला कशाच्या जोडीला बसवले होते, ते वडिलांना ठाऊक नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. त्यांतल्या जमतील तेवढ्या मी चाळल्या. त्यांत लेक कुठे चंदन होता, कुठे पाऊस. पण ओवी बाईगणिक बदलते. आजीची ओळ आजीपाशीच होती.

"तू तर तिथंच बसला होतास ना? मग तुला कशी आठवत नाही?" वडिलांनी एकदा विचारले. हा प्रश्न मला आजवर पेललेला नाही. वेळ यंत्राला लागत होता. माझ्या कानांना लागत नव्हता. आजी माझ्यापासून चार हातांवर होती. मी लाल ठिपका पाहत होतो.

आता काही नव्या कॅमेऱ्यांत म्हणे अशी सोय असते, की ते गेलेले काही सेकंद सतत मनात घोळवत ठेवतात. बटण उशिरा दाबले, तरी त्याआधीचे क्षणही हाती लागतात. वडिलांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "तेव्हा मिळत होता का?" मी म्हटले, नाही. "मग राहू दे."

दिवाळीच्या पहिल्या दिवशी अभ्यंगस्नान झाले, की वडील चहाचा कप घेऊन येऊन बसतात आणि मी ती कॅसेट लावतो. यंत्र म्हातारे झाले आहे. फीत वेढून घ्यायला, ढोलाला वेग यायला त्याला आता जास्तच वेळ लागतो. तोवर पडद्यावर नुसता निळा रंग असतो. मी सवयीने आकडे मोजू लागतो. वडील कप खाली ठेवतात आणि कान देऊन थोडे पुढे वाकतात. दरवर्षी वाकतात.