तेवीस रोपांचा हिशेब



तुमच्या वर्गात किंवा मोहल्ल्यात नीलोफर नावाची एखादी मुलगी असेल. नीलोफर हे पाण्यात उमलणाऱ्या एका फुलाचे नाव आहे. मराठीत त्याला कुमुद किंवा कुमुदिनी म्हणतात. हे नाव आपण रोज ऐकतो. पण फूल मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असते. मीही पाहिले नव्हते. त्यामुळे माझ्या हातून जी चूक झाली, ती आज तुम्हांला सांगतो.

ही २०१८ सालची गोष्ट. बी.एड. होऊन मी नाशिक जिल्ह्यातील एका उर्दू शाळेत नुकताच रुजू झालो होतो. शाळेच्या अंगणात कडुनिंबाजवळ सिमेंटचा एक जुना हौद होता. आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद. आठवीच्या मुलांनी तो घासून स्वच्छ केला, पाणी भरले आणि डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे त्यात सोडले. आता हौदात फूल हवे, असे सर्वांना वाटू लागले.

ऑगस्टच्या अखेरीस नदीकाठच्या एका डबक्यात मला जांभळ्या फुलांचा ताटवा दिसला. हेच नीलोफर, असे समजून मी दोन रोपे उचलली आणि हौदात सोडली. मुले टाळ्या वाजवू लागली. आमचे शिपाई, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, ते तेवढे गप्प होते. थोड्या वेळाने म्हणाले, "सर, हा पाहुणा नव्हे. हा घराचा मालक होऊन बसेल." मी हसून विषय सोडून दिला.

वर्गातील एका मुलीने वहीत रोपांची मोजणी सुरू केली. पंधरा दिवसांनी दोनाची चार झाली. आणखी पंधरा दिवसांनी आठ, मग सोळा, मग बत्तीस. दिवाळीच्या सुट्टीला निघालो, तेव्हा निम्मा हौद झाकला होता. निम्मा अजून मोकळा आहे, म्हणून मी निश्चिंत होतो. मुलांनो, इथेच माझे गणित चुकले. जी गोष्ट दर वेळी दुप्पट होते, तिला निम्म्यावरून पूर्ण व्हायला एकच पाऊल लागते.

सुट्टीनंतर आलो, तर पाणी दिसतच नव्हते. सगळा हौद हिरवागार! एक रोप बाजूला केले, तर खाली मेलेले गप्पी मासे तरंगत होते. दाट पानांमुळे ऊन पाण्यात शिरत नव्हते. हवाही पाण्याला नीट मिळत नव्हती. गळलेली पाने पाण्यात कुजत होती. पाण्यातील प्राणवायू संपला आणि मासे गुदमरले.

मला वाईट वाटले आणि रागही आला. मी चौसष्टच्या चौसष्ट रोपे उपटायला लावली आणि शाळेमागच्या नाल्यात टाकून दिली.

संध्याकाळी एक रोप घेऊन मी रोपवाटिकेत गेलो. मालकांनी ते हातात घेतले आणि म्हणाले, "मास्तर, ही जलपर्णी. आपल्याकडे हिला पाणवेली म्हणतात." मग त्यांनी मला खूण शिकवली. ती तुम्हीही लक्षात ठेवा.

जलपर्णीच्या पानाचा देठ मध्येच फुगलेला असतो. तो दाबला तर स्पंजासारखा लागतो. त्यात हवा असते, म्हणून रोप तरंगते. मुळे काळसर व पिसांसारखी असून पाण्यात लोंबतात. एकाच दांड्यावर जांभळ्या फुलांचा तुरा येतो. प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका असतो. नीलोफरचे तसे नाही. त्याचा कंद चिखलात रुजतो. पान पाण्यावर सपाट पसरते आणि त्याला काठापासून देठापर्यंत एक चीर असते. एका दांड्यावर एकच फूल येते. कमळाच्या गोल पानाला मात्र चीर नसते आणि ते पाण्याच्या वर उचललेले असते.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. फुलाच्या सौंदर्याला भुलून माणसांनीच तिला देशोदेशी नेले. बंगालमध्ये तर तिचा इतका उपद्रव झाला, की तिच्याविरुद्ध १९३६ साली कायदा करावा लागला.

शेवटी मालकांनी विचारले, "बाकीची रोपे कुठे टाकलीत?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आमचा नाला गोदावरीला मिळतो. पुढे त्याच नदीवर नांदूर मधमेश्वरचा जलाशय आहे. दर हिवाळ्यात दूरदेशीचे हजारो पक्षी तिथे उतरतात. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचा गौरव झाला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चाचा आणि मी नाल्यात उतरलो. मुले काठावर उभी राहून मोजत होती. पुलाच्या कमानीत अडकलेली रोपे आम्ही काढली. रोपवाटिकेत नेलेले एक धरून एकेचाळीस झाली. तेवीस वाहून गेली होती. मी चाचांची माफी मागितली. ते एवढेच म्हणाले, "सर, अजून अळ्या मोजायच्या बाकी आहेत. चला हौदाकडे."

सापडलेली रोपे आम्ही पाण्यापासून लांब, पत्र्यावर कडक उन्हात वाळवली. हौदातला गाळही काढून वाळवला. कारण जलपर्णीचे बी गाळात अनेक वर्षे टिकते आणि पुन्हा उगवते. आजही दर पावसाळ्यात आम्ही हौद तपासतो. एखादे रोप दिसलेच, तर फूल येण्याआधी उपटतो.

आता हौदात खरे नीलोफर आहे. पण तेही आम्ही मोकाट सोडलेले नाही. त्याचा कंद कुंडीत लावून कुंडी पाण्यात ठेवली आहे. पिवळी पडलेली पाने आम्ही कापतो. दोन-तीन वर्षांनी कंद काढून त्याचे तुकडे वेगळे करतो. निम्मे पाणी नेहमी उघडे ठेवतो. माशांनाही आभाळ हवेच ना!

त्या मुलीची वही माझ्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर तिने लिहिले आहे : 'आणलेली रोपे दोन. झालेली चौसष्ट. सापडलेली एकेचाळीस. बाकी तेवीस.' ही बाकी अजून माझ्या नावावर आहे. गोदावरीच्या पुलावरून जाताना पाण्यावर हिरवा पट्टा दिसला, की मला ती आठवते.

मित्रांनो, तुम्हीही हौद किंवा तळे फुलवा. पण नवे रोप पाण्यात सोडण्याआधी त्याचे नाव विचारा. आणि ज्यांनी शाळेपेक्षा नदी जास्त पाहिली आहे, ते काही सांगत असतील, तर हसू नका. थांबा आणि ऐका.