लिस्बन येथील पहिला धडा

गतवर्षीं कन्येच्या आग्रहास्तव आम्हीं तीन महिने लिस्बन शहरीं काढले. तेथील चढउतारांचे अरुंद बोळ, त्यांतून खडखडत जाणारी २८ क्रमांकाची पिवळी ट्राम, समुद्राचा भास करून देणारें तेजु नदीचें मुख, यांचीं वर्णनें वाचकांनीं इतरत्र वाचलीं असतीलच. आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळेंच.

मार्तिं मोनिझ चौकानजीक परदेशस्थांसाठीं पोर्तुगीज भाषेचा सायंवर्ग भरे. पस्तीस वर्षें फळ्यापाशीं उभे राहिलेले आम्ही साठी उलटल्यावर तेथें बाकावर बसलों! शेजारीं एक नेपाळी तरुण, एक युक्रेनी बाई आणि साष्टीकडील एक गोमंतकीय गृहस्थ होते.

पहिला धडा राष्ट्रीयत्वाचा. पुरुषानें ‘सो इंदियानु’ म्हणावें, स्त्रीनें ‘सो इंदियाना’. म्हणजे ‘मी भारतीय आहें’. पोर्तुगीज पुरुष तो ‘पुर्तुगेश’, स्त्री ती ‘पुर्तुगेझा’. विशेषणानें विशेष्याचें लिंगवचन पाळावें, हा नियम संस्कृताच्या विद्यार्थ्यास काय नवा? त्या घमेंडींत आम्हीं देशनामाचेंच पुल्लिंगी रूप करून ‘सो इंदिउ’ असें ठोकून दिलें. शिक्षिकाबाई हंसल्या. तो शब्द अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा! १४९२ सालीं कोलंबसानें भलत्याच किनाऱ्यास हिंदुस्थान समजून केलेली चूक भाषेनें अजून जपून ठेवली आहे.

‘असणें’ या अर्थीं पोर्तुगीजांत धातु दोन. दमलेला, आजारी, अशा येत्याजात्या अवस्थांस ‘इश्तार’. स्थायी स्वरूपास ‘सेर’. राष्ट्रीयत्वास ‘सेर’च लागतो. बाईंनीं हें सांगितलें तों गोमंतकीय गृहस्थ आमच्या कानाशीं लागले, “मास्तर, कागदाप्रमाणें सांगूं, कीं मनाप्रमाणें?”

त्यांचे वडील १९६१ पूर्वीं, पोर्तुगीज अमलांत, जन्मलेले. अशांस व त्यांच्या संततीस पोर्तुगालच्या कायद्यानें नागरिकत्व मिळूं शकतें. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं. मुलांच्या शिक्षणासाठीं गृहस्थांनीं पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, भारतीय परत केला. वृद्ध आई मडगांवीं एकटी. तिला भेटावयास जावयाचें तर आतां परकीय नागरिक म्हणून परवाना हवा.

आम्हांस पाणिनि आठवला. मनुष्यास देशावरून नांव देतांना त्यानें निवास व अभिजन यांचीं सूत्रें निरनिराळीं केलीं आहेत. स्वतः राहतो तो निवास, पूर्वज राहिले तो अभिजन. आम्हीं हें मोठ्या उत्साहानें गृहस्थांस सांगितलें. “मग आई विचारील तेव्हां यांतलें कोणतें सांगूं?” ते म्हणाले. त्यावर आमच्यापाशीं सूत्र नव्हतें.

इतक्यांत बाईंनीं त्यांनाच विचारलें, “द ओंद ए?” म्हणजे, आपण कुठले? ते उभे राहिले. क्षणभर खिडकीबाहेर पाहून म्हणाले, “सो गोएश.”

पुस्तकांतील यादींत तो शब्द नव्हता. बाईंनीं खडू उचलला, फळ्यावर सर्वांत खालीं ‘गोएश’ लिहिलें, आणि नियमाप्रमाणें शेजारीं स्त्रीलिंगी रूपही मांडलें, ‘गोएझा’.