धरतो आणि सोडतो

दिसायला हा इरसाल नग. पेशीच्या पृष्ठभागावरून सुमारे ५० नॅनोमीटर वर ताठ उभा, अंगभर साखरेचे झुपके, बाटली धुवायच्या ब्रशसारखा. झुपक्यांच्या टोकांना सियालिक आम्ल, म्हणजे ऋण विद्युतभार. जवळ येणाऱ्या पेशीवरही बहुधा तोच भार. त्यामुळे येईल त्याला हा आधी दूर ढकलतो. गोत्र म्यूसिनचं. भाऊबंद बहुतेक आतड्यात नि श्वासनलिकेत बुळबुळीत थर होऊन बसलेले. याने पांढऱ्या पेशीवर बिऱ्हाड केलं. हे एक प्रथिन, कागदोपत्री नाव पीएसजीएल-१.

असल्या सोवळ्याकडे पकडण्याचं काम आहे, यावर विश्वास बसत नाही. सानपाडा स्टेशनच्या पुलावर, संध्याकाळच्या रेट्यात, कुणाचं तरी बोट पत्र्याच्या कडेला कापतं. तो माणूस बोट चोखत ठाण्याची गाडी पकडतो. तेवढ्या वेळात जखमेजवळच्या बारीक शिरांच्या अस्तरात साठवलेलं पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन पृष्ठभागावर आलेलं असतं. रक्ताच्या लोंढ्यात वाहणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या बारीक उंचवट्यांच्या टोकांवर आपला गडी बसलेला. त्याच्या शेंड्याला सल्फेट लागलेली तीन टायरोसिन आणि शेजारी फ्युकोज असलेली साखरेची एक फांदी. एवढ्यानेच तो सिलेक्टिनला धरतो. धरतो, सुटतो, पुढचा धरतो, आणि पेशी अस्तरावरून गडगडत जाते. गंमत अशी, की प्रवाहाने ओढलं तर ही पकड एका मर्यादेपर्यंत आणखी घट्ट होते. २००३ मध्ये हे प्रयोगात मोजलं गेलं. घट्ट चिकटून थांबणं इंटिग्रिन या दुसऱ्या प्रथिनाचं काम. पेशी शिरेबाहेर सरपटू लागली की हा शहाणा तिच्या शेपटाकडे जाऊन उभा राहतो.

टी-पेशी हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार; त्यांवर याचं दुसरं रूप, लगामाचं. हा नसलेल्या उंदरांच्या टी-पेशी चिवट विषाणूपुढे थकल्या नाहीत, असं २०१६ मध्ये दिसलं. विषाणू हटला, पण सोबत उंदरांच्या शरीराचीही नासाडी झाली. लगामाला नावं ठेवण्यापूर्वी हे आठवावं.

पकडीची सगळी मदार मात्र त्या फ्युकोज साखरेवर, आणि तिथे गोष्ट सानपाड्याहून हार्बरने कुर्ला, मग परळ, अशी केईएम रुग्णालयात पोचते. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक अनोखा रक्तगट मांडला, त्यांच्या रुग्णांत एक रेल्वे अपघातातला जखमी होता. तांबड्या पेशीवर फ्युकोजचा एक दुवाच नाही, म्हणून ओ गटाचं रक्तही चालत नाही. हाच बॉम्बे रक्तगट. पुढे १९९२ मध्ये इस्रायलमधल्या दोन मुलांत तोच गट सापडला. रक्तात पांढऱ्या पेशींचा सुळसुळाट, पण जखमेत पू नाही आणि संसर्ग पाठ सोडेना. त्यांच्या शरीरात फ्युकोज हवं तिथे पोचतच नव्हतं. आपल्या गड्याचा शेंडा बोडका, पकड गेली. (आपल्याकडच्या बॉम्बे गटवाल्यांनी घाबरू नये; त्यांच्या पांढऱ्या पेशीवर फ्युकोज लावणारं विकर वेगळं, ते शाबूत असतं.)

१९९९ मध्ये जर्मनीत याच आजाराच्या एका मुलाला फ्युकोज तोंडावाटे दिलं. पेशी पुन्हा पकडू लागल्या, संसर्ग आटोक्यात आला. इस्रायलच्या मुलांवर तोच उपाय लागू पडला नाही.