यवतेश्वरच्या घाटात धावताना

भिलाईचे रस्ते धावणाऱ्याचे लाड करतात. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि कारखान्याबरोबर नीट आखलेली वसाहतही उभी राहिली. सेक्टरांमधले रुंद, सरळ रस्ते, दुतर्फा झाडे आणि चढ म्हणाल तर एखाद्या उड्डाणपुलाचा. छत्तीसगडच्या मैदानात याहून वेगळे काय मिळणार? इथे रोज सकाळी दहा-बारा किलोमीटर पळणाऱ्याला आपण एकवीसही सहज पळू असे वाटू लागते, आणि सपाट रस्त्यावर ते खरेही असते.

असा माणूस डोंगरातली अर्धमॅरेथॉन शोधू लागला की मराठी मुलखात पहिले नाव निघते ते साताऱ्याचे. छत्तीसगडातल्या मराठी घरांना सातारा तसा परका नाही. ज्या नागपूरकर भोसल्यांच्या मागोमाग मराठी कुटुंबे रायपूर-रतनपूरकडे आली, त्यांना सेनासाहेब सुभा हे पद मिळाले होते ते साताऱ्याच्या शाहू महाराजांकडून. आज मात्र वाट उलटी. दुर्गला आझाद हिंद एक्स्प्रेस पकडायची, पुण्याला उतरायचे आणि तिथून सव्वाशेच्या आत किलोमीटर एस.टी.ने जायचे.

सातारा रनर्स फाउंडेशन ही स्थानिक मंडळी २०१२ पासून ही शर्यत भरवतात. दिवस सप्टेंबरमधला, म्हणजे पावसाळा ओसरत आलेला पण संपलेला नाही. २०१५ साली एकाच डोंगरावर सर्वाधिक लोक धावल्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्या दिवशी अडीच हजारांवर माणसे घाटात होती. नावनोंदणी काही महिने आधी उघडते आणि पाहता पाहता संपते, तेव्हा "जाऊ पुढच्या महिन्यात" असे म्हणणारा घरीच राहतो.

सुरुवात पोलीस परेड मैदानावरून होते. सुरुवातीचे किलोमीटर शहरातलेच. ढोल वाजत असतात, शाळेची मुले हात पुढे करून टाळी मागतात, आजीबाई दारात उभ्या राहून कौतुकाने पाहतात. नवखा माणूस फसतो तो इथेच. गर्दीच्या आणि टाळ्यांच्या भरात पाय आपोआप वेग घेतात. समर्थ मंदिराचा परिसर मागे पडला की रस्ता वळतो आणि यवतेश्वरचा घाट सुरू होतो. मग वळणामागून वळण. एक वळण संपले म्हणून हायसे वाटावे तर पुढचे वरच्या अंगाला दिसते. ढग खाली आलेले असतात, रस्ता ओला असतो, कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा सुटलेल्या असतात. ज्याला श्वास पुरतो त्याने मागे वळून पाहावे. शहराच्या डोक्यावर उभा असलेला अजिंक्यतारा हळूहळू नजरेच्या पातळीवर येतो आणि मग खालीच राहतो. साताऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजणाऱ्या कास तलावाची वाट हीच. पठारावर थोडे पुढे जाऊन शर्यत त्याच रस्त्याने माघारी फिरते.

इथपर्यंत बहुतेक जण चढाचाच धसका घेऊन आलेले असतात. खरे तर चढ प्रामाणिक असतो. दम लागला की चालावे. या घाटात चालणाऱ्यांना कोणी हसत नाही, चांगले चांगले धावपटूही तेच करतात. अवघड आहे तो उतार. उतरताना श्वास मोकळा होतो, वारा लागतो, वेळ भरून काढण्याचा मोह होतो. पण प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचे काम करतो. तो भार झेलत असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. या दुहेरी कामाने स्नायूच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. गंमत अशी की ती त्या क्षणी कळत नाही; दुखणे एक-दोन दिवसांनी पुरते वर येते. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांमध्ये १९२१ साली सुरू झालेली, सुमारे नव्वद किलोमीटरची 'कॉम्रेड्स' ही शर्यत आहे. साधारणपणे एका वर्षी ती चढाच्या दिशेने होते, दुसऱ्या वर्षी उताराच्या. जाणते धावपटू जपून असतात ते उताराच्या वर्षी.

मग सपाट गावातल्या माणसाने काय करावे? व्यायामशाळेतल्या धावपट्ट्याला चढ देता येतो, उतार मात्र बहुतेक यंत्रांना देता येत नाही. उड्डाणपुलावर वीस वेळा वर-खाली करणे कंटाळवाणे खरे, पण उपयोगाचे. भिलाईकरांना डोंगरगढही दूर नाही. बम्लेश्वरी देवीच्या हजारावर पायऱ्या चढून दर्शन घ्यावे आणि रोप-वेने न उतरता पायीच उतरावे. मांड्यांना उताराची एकदा जरी ओळख झाली तरी पुढचे काही आठवडे त्या तेवढ्या दुखत नाहीत, हे शास्त्रज्ञांनी तपासलेले आहे. ओळख मात्र शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी व्हावी, आदल्या दिवशी नव्हे.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी आग्रहाने करून घ्यावी. चाळिशी ओलांडलेल्याने, किंवा घरात हृदयविकार असलेल्या तरुणानेही, नाव घालण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. धावता धावता तरणीताठी माणसे कोसळल्याच्या घटना महाराष्ट्रातही घडल्या आहेत. ताप अंगात असताना, छातीत जड वाटत असताना "आता पैसे भरलेत" म्हणून धावू नये. डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असतो.

याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले मोही हे दुष्काळी गाव ललिता बाबरचे. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तिने तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धडक मारली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय महिला ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत धावली. सातारकर हे अभिमानाने सांगतात आणि त्यांनी सांगावेच.

घरची मंडळी बरोबर असतील तर मुक्काम एक दिवस वाढवावा. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेले कासचे पठार सप्टेंबरमध्येच फुलते. शर्यतीच्या रस्त्यानेच पुढे गेले की साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर ते आहे. हंगामात आधी नोंदणी करून जावे आणि फुले तुडवू नयेत. परतताना कंदी पेढे घ्यायचे हे सांगायला नकोच. त्या दुसऱ्या दिवशी साताऱ्यात धावलेला माणूस ओळखायला पदक लागत नाही. एस.टी.च्या पायऱ्या जो दांडीला धरून आडवा होत, एकेक पाऊल मोजत उतरतो आणि हसतो, तो कालच घाट उतरून आलेला असतो.