तीन सुळक्यांसमोरचं घर

प्रिय मामा,



फोटो पाहून तू विचारलंस, ‘डोंगरावर टेबल-खुर्ची, सूप आणि वर केक? हा ट्रेक की रिसेप्शन?’ उत्तर फोनवर दिलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून पत्र.

वाट सोपी होती, हे तुझं म्हणणं मान्य. इटलीतल्या मिझुरिना तलावापासून टोल भरून वर चढणारा घाटरस्ता तुला २३२० मीटरवरच्या आउरोन्झो रिफ्यूजिओच्या, म्हणजे डोंगरातल्या आश्रयघराच्या, दारात नेऊन सोडतो. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून कितीतरी वर तू बसमधून उतरतोस, आणि तेही घाम न गाळता. पुढे लावारेदो रिफ्यूजिओपर्यंत रुंद, जवळजवळ सपाट वाट. लहान मुलं, कुत्री, काठ्या टेकत चालणारे आजी-आजोबा, सगळे त्याच वाटेवर. गर्दी म्हणशील तर प्रचंड. ज्या तीन सुळक्यांसाठी ही गर्दी, ते आता इतके प्रसिद्ध झालेत की मला त्यांची दया येते.

त्रे चीमे दी लावारेदो हे या तीन सुळक्यांचं नाव. मधला सगळ्यांत उंच, २९९९ मीटर. एक मीटर कमी पडल्याचं दुःख इथं कोणालाच नसावं, कारण तो आकडा सगळे मोठ्या प्रेमानं सांगतात. गंमत म्हणजे निम्मी वाट ते तुझ्या डाव्या खांद्याला असतात आणि इतक्या जवळून धड दिसतही नाहीत. थोडा चढ चढून २४५४ मीटरवरच्या खिंडीत पोचायचं आणि मागे वळायचं. मग उत्तरेची बाजू समोर येते: पाचशे मीटरच्या आसपास सरळ कापलेला कडा, काही ठिकाणी तर बाहेर झुकलेला. कोकणकड्यावर तू मला पालथं झोपवून खाली बघायला लावलं होतंस ना, इथं मान मोडेपर्यंत वर बघायचं. मधल्या सुळक्याचा हा कडा १९३३ मध्ये एमिलिओ कोमिची आणि दिमाई बंधू पहिल्यांदा चढले. दगड आपल्याकडच्यासारखा काळा नाही, फिकट राखाडी, मधूनच पिवळा. आपला बेसाल्ट लाव्ह्यातून आला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. हा डोलोमाइट त्याच्याही कितीतरी आधी, वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, उबदार उथळ समुद्राच्या तळाशी साचला.

खिंडीपासून एका उतारावरून आडवी जाणारी पायवाट पुढच्या रिफ्यूजिओला जाते. पाण्याची बाटली भरून घे, उन्हाळ्यात या वाटेवर पाणी जवळजवळ नाही. आपल्या गडांवर दर चढाला एखादं टाकं भेटतं, त्याची फार आठवण झाली.

आणि आता तुझ्या टेबल-खुर्चीबद्दल. या रिफ्यूजिओच्या पाटीवर दोन नावं आहेत, इटालियन आणि जर्मन. १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटलीची सरहद्द याच सुळक्यांवरून जायची आणि हे घर ऑस्ट्रियाच्या बाजूला होतं. खालच्या सेक्सटेन गावचा वाटाड्या सेप इनरकोफ्लर १८९८ पासून ते चालवत होता. बाहेरगावचे लोक यायचे, तो त्यांना जेवू घालायचा, निजायला जागा द्यायचा आणि सकाळी दोर बांधून सुळक्यांवर न्यायचा. मे १९१५ मध्ये इटली पहिल्या महायुद्धात उतरला आणि थोड्याच दिवसांत इटालियन तोफांनी हे घर उद्ध्वस्त केलं. घराच्या समोरच पाटेर्नकोफेल नावाचा सुळका आहे, २७४४ मीटरचा. त्याच्या माथ्यावर इटालियन सैनिकांनी ठाणं मांडलं होतं. ते उठवायला ४ जुलैच्या पहाटे सेप काही साथीदार घेऊन कडा चढून गेला. तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता, मामा. माथ्यालगत मारला गेला. वरून टाकलेल्या दगडानं, शत्रूच्या गोळीनं, की खालून त्याला आडोसा द्यायला झाडलेल्या आपल्याच माणसांच्या गोळीनं, यावर अजून वाद चालतो. मला जास्त लागलं ते पुढचं: इटालियनांनी त्याला माथ्यावरच मानानं पुरलं. १९१८ मध्ये त्याला खाली सेक्सटेनला आणलं.

युद्धानंतर हा सगळा मुलूख इटलीत आला. आजची इमारत १९३५ ची, इटालियन गिर्यारोहण संघाच्या पादोवा शाखेची. नाव दिलं अंतोनिओ लोकातेल्ली या वैमानिकाचं. १९१८ मध्ये व्हिएन्नावर पत्रकं टाकायला गेलेल्या विमानांत तो होता आणि पुढे १९३६ मध्ये इथिओपियात मारला गेला. तोफांनी पाडलेल्या घराच्या जागी उभ्या राहिलेल्या घराला लढवय्या विमानवाल्याचं नाव! मला विचारशील तर तिथं सेपचंच नाव शोभलं असतं. पण घरांना नावं देताना कोण कोणाला विचारतं?

पाटेर्नकोफेलच्या पोटात युद्धात खोदलेले बोगदे अजून आहेत. हेल्मेट आणि बॅटरी लागते. मी थोडी आत गेले. ओल्या पायऱ्या उभ्या चढतात, मधूनच दगडात चौकोनी खिडकी येते आणि तिच्यातून नेमके ते तीन सुळके दिसतात. तिथं लोक हसत फोटो काढतात. मीही काढला.

बाहेर येऊन मी ते सूप प्यायले, ज्यावर तू हसतोस. त्यात शिळ्या पावाचे गोळे असतात. आदल्या दिवशीच्या पावाचे तुकडे, दूध, अंडं, थोडा कांदा, आणि ते गरम रश्श्यात सोडायचे. आजीच्या फोडणीच्या पोळीचं हे डोंगरातलं भावंड. आणि खाऊन झाल्यावर उठून जा म्हणून कोणी मागे लागत नाही. वादळ आलं की दारातून कोणाला परत पाठवत नाहीत. आल्प्समधली कितीतरी आश्रयघरं हिवाळ्यात बंद होतात, तरी एक खोली वाटसरूंसाठी उघडी ठेवायची रीत आहे.

तू राजमाचीला उधेवाडीत कोणाच्या तरी ओसरीवर बसून पिठलं-भाकरी खातोस, पैसे देतोस, रात्री पडवीत पथारी टाकतोस. त्याला तू कधी रिसेप्शन म्हटलं नाहीस. इथल्या माणसांनी तेच केलं, फक्त गाव वर नव्हतं म्हणून घर वर बांधलं. पाठीवर शिधा वाहिला नाही तर डोंगर खोटा, हे तुझं तत्त्व मला लहानपणी पटायचं. आता पटत नाही. सेप इनरकोफ्लर काही कमी डोंगरी नव्हता, आणि त्याचा धंदाच लोकांना वर जेवू घालायचा होता.

तेव्हा आता गुडघ्याचं निमित्त नको. लावारेदो रिफ्यूजिओपर्यंत तू आरामात चालशील, अर्धा तासही लागणार नाही. पुढची खिंड तुझं तू ठरव. ऑगस्टमध्ये येऊ नकोस, तेव्हा अख्ख्या इटलीला सुट्टी असते. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ये, महिनाअखेरीस ही घरं बंद व्हायला लागतात. मामीला सांग, त्या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा डुकराचं मांस घालतात. पालकाचे किंवा चीजचे आहेत का, ते आधी विचारायचं.

तुझी,
म्युनिकची भाची